मुंबई ते चिपी: अंतर एक, वेळ वेगळी

'मालवण किती लांब?' असं विचारलं तर आमची आजी मैल सांगत नसे. 'आज बोटीत बसलास की उद्या', एवढंच तिचं उत्तर. त्या 'उद्या'त पडाव, म्हणजे किनाऱ्यापर्यंत नेणारी छोटी होडी, तीही आली. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. ट्रंका, बोचकी, कडेवरची पोरं हलत्या पडावात उतरवायची आणि मग किनारा गाठायचा. पावसाळ्यात तर बोटच बंद, म्हणजे तेच अंतर घाटरस्त्याने आणखी लांबायचं. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा ते एका रात्रीवर आलं, आणि 9 ऑक्टोबर 2021 ला मालवणजवळच्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झाल्यावर तासांवर.

मुंबई ते चिपी सरळ रेषेत साधारण 350 किलोमीटर भरतं. रस्त्याने गेलं तर त्याहून कितीतरी जास्त, कारण रस्ता खाड्या आणि डोंगर बघून वळतो. सुरुवातीला या मार्गावर एटीआर जातीचं पंख्याचं विमान आलं. त्याचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. त्या हिशोबाने पाऊण तासही लागू नये, पण वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ असतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरतात: धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, मुंबईच्या गर्दीत उतरायची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणं. आजीचा पडाव गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली.

विमानाने मोजमापही बोटीकडूनच घेतलं. वैमानिक आजही अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, सांगतात. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. खलाशाला नकाशावर ते सोयीचं होतं, तेच वैमानिकालाही पडलं.

लांबच्या दोन विमानतळांमधलं अंतर काढताना सपाट नकाशा फसवतो. पृथ्वीच्या गोळ्यावर मुंबई आणि न्यूयॉर्कला दोरा ताणून धरा: तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो. साडेबारा हजार किलोमीटरचा आकडा त्या दोऱ्याचा. प्रत्यक्षात विमान त्याहून लांब जातं, कारण काही देशांचं आकाश बंद असतं. 2019 मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै आपलं आकाश मिटलं, तेव्हा पश्चिमेकडच्या अनेक फेऱ्यांना वळसा पडला.

वाऱ्याचं तर कोकणी माणसाला सांगायलाच नको. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. म्हणून लंडनहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा सहसा कमी वेळ लागतो, अंतर दोन्ही वेळा सुमारे 7,200 किलोमीटरच असलं तरी. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून याच लंडनला निघालं, तेव्हा कैरो आणि जिनिव्हाला थांबत जावं लागलं होतं.

आखातात नोकरीला असलेल्या आमच्याकडच्या घरांत आणखी एक गफलत नेहमी होते. तिकिटावर मुंबईहून दुपारी 4 आणि दुबईला साडेपाच लिहिलेलं बघून म्हातारी माणसं म्हणतात, 'दीड तासात पोचला!' दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळातल्या असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पोरगा तीन तास विमानात बसलेला असतो. फोनची वाट तेवढा वेळ पाहायची.