रोटरी इंजिनातील दोन मिलिमीटरची पट्टी

ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोच्या वाहन प्रदर्शनात माझदा कंपनीने 'आयकॉनिक एसपी' ही लाल रंगाची संकल्पना-गाडी मांडली, आणि रोटरी इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये परत येणार अशी चर्चा सुरू झाली. त्या चर्चेच्या पाठोपाठ नेहमीचे आक्षेपही आले: ही इंजिने टिकत नाहीत, ऑइल खातात आणि थंडीत एकदा रुसली की सुरूच होत नाहीत. हे आक्षेप हवेतून आलेले नाहीत. १९७८ ते २००२ या काळात विकली गेलेली माझदाची रोटरी स्पोर्ट्स कार आरएक्स-७ आणि तिची वारसदार, २००३ ते २०१२ या काळातील आरएक्स-८ यांच्या मालकांनी हे सगळे भोगलेले आहे. त्यातून 'रोटरी हे मुळातच चुकलेले यंत्र आहे' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र मला मान्य नाही. या गाड्यांचे बहुतेक मोठे बिघाड एका लहानशा पट्टीपाशी येऊन मिळतात, आणि ती पट्टी कशी काम करते हे कळले की बिघाडांमागची कारणे आणि त्यांवरचे उपाय आपोआप उलगडत जातात.

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. रोटरीमध्ये दट्ट्याऐवजी फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर असतो आणि तो भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या, कमरेपाशी किंचित आत दबलेल्या पोकळीत फिरतो. रोटरच्या आतील गियरला ५१ दाते असतात आणि तो ३४ दात्यांच्या स्थिर गियरभोवती फिरतो. त्यामुळे रोटरचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. त्रिकोणाच्या तीन बाजूंवर तीन कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्प्यात हवा-पेट्रोल घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे क्रमाने होतात. आरएक्स मालिकेतील प्रसिद्ध '१३बी' इंजिनात असे दोन रोटर असून प्रत्येकाची क्षमता ६५४ सीसी आहे. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, मागे-पुढे धावणारे वजनही नाही.

पण शेजारशेजारचे कप्पे एकमेकांपासून वेगळे ठेवायचे असतील, तर रोटरची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत चिकटून राहायला हवीत. हे काम टोकाच्या खाचेत बसवलेली पट्टी करते. तिला 'अ‍ॅपेक्स सील' म्हणतात. लांबी सुमारे ८० मिलिमीटर, जाडी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २ मिलिमीटर, उंची बोटाच्या नखापेक्षाही कमी. तळहातावर घेतली तर फुटपट्टीचा कापलेला तुकडा वाटावा. तिची एक कड मात्र काळजीपूर्वक गोलाई दिलेली असते, आणि त्या गोलाईचे कारण पाहण्यासारखे आहे.

१३बी मध्ये रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर १०५ मिलिमीटर आणि शाफ्टचे विकेंद्रीपण, म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून रोटरचा मध्य जितका बाजूला असतो ते अंतर, १५ मिलिमीटर असते. या दोन आकड्यांवरून पट्टीचे सगळे हाल मांडता येतात. पट्टी भिंतीला नेहमी काटकोनात भिडत नाही; फिरताना ती दोन्ही बाजूंना कलते, आणि या मापांसाठी कमाल कल सुमारे २५ अंशांचा येतो. म्हणजे भिंतीला टेकणारी रेषा पट्टीच्या कडेवर सतत पुढे-मागे सरकत असते, म्हणूनच कड गोल हवी. वेगही एकसारखा नाही. आरएक्स-८ चे अधिक शक्तीचे इंजिन मिनिटाला शाफ्टच्या ९००० फेऱ्यांपर्यंत जाते. त्या वेळी पट्टी पोकळीच्या दूरच्या टोकांपाशी ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने घासत जाते आणि कमरेपाशी हाच वेग ताशी ६८ किलोमीटरपर्यंत उतरतो. एकातून दुसऱ्यात जायला तिला ५ मिलिसेकंद मिळतात.

आता जोराचा विचार करू. घाटातल्या वळणावर एसटीतला प्रवासी बाहेरच्या बाजूला फेकला जातो, तशी पोकळीच्या दूरच्या टोकांपाशी पट्टी भिंतीकडे फेकली जाते. ९००० फेऱ्यांना हा जोर तिच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे २४०० पट भरतो. कमरेपाशी मात्र तिचा मार्ग उलट्या दिशेने वळतो, घाटात एका वळणानंतर लगेच विरुद्ध वळण यावे तसा. तेथे तिला भिंतीपासून आत, खाचेकडे ओढणारा जोर निर्माण होतो आणि तो वजनाच्या सुमारे ३०० पट असतो. (ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी: विकेंद्रीपणाची नऊपट ही टोकापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर हा उलटा जोर येणारच, येथे १३५ आणि १०५ असे आकडे आहेत.) म्हणजे रोटरच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा पट्टी भिंत सोडू पाहते, आणि त्यांपैकी एक कंबर स्पार्क प्लगजवळची, म्हणजे सर्वाधिक दाबाची जागा आहे.

तरीही ती सुटत नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे तिच्याखाली बसवलेली पातळ वाकडी स्प्रिंग. दुसरे कारण मला या यंत्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ज्या कप्प्यात दाब जास्त असतो तेथील वायू पट्टीला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर रेटतो. त्यामुळे अलीकडे केसाएवढी फट उघडते, त्या फटीतून वायू पट्टीच्या खाली शिरतो आणि तिला खालून वर ढकलून भिंतीला दाबून धरतो. निसटू पाहणारा वायूच आपली वाट बंद करतो, आणि दाब जितका जास्त तितका बंदोबस्त पक्का. पुढच्याच क्षणी दाबाची बाजू बदलली की पट्टी खाचेत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकते आणि हाच खेळ उलट बाजूने होतो. खाचेत काजळी साठली तर हे सरकणे अडते आणि पट्टी धड असूनही दाब गळू लागतो.

हे साधायला किती कष्ट पडले, ते माझदाच्या हिरोशिमातील कारखान्याच्या इतिहासात दिसते. फेलिक्स व्हान्केल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन जर्मनीतील एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालले. माझदाने १९६१ मध्ये परवाना घेतला आणि १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा विभाग उभा केला. चाचण्यांमध्ये पोकळीच्या आतील क्रोमच्या मुलाम्यावर लाटांसारखे आडवे ओरखडे उमटत आणि इंजिन निकामी होई. अभियंत्यांनी या ओरखड्यांना 'सैतानाच्या नखांचे व्रण' असे नाव दिले होते. सैतान अर्थातच नव्हता. व्हायोलिनच्या तारेवरून गज ओढला की तार थरथरते, तशी घासताना पट्टी स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर थरथरत होती. पट्टीच्या कडेजवळ आरपार पोकळ्या पाडून तिची कंपनसंख्या बदलली तेव्हा ओरखडे थांबले, आणि पुढे उत्पादनासाठी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी निवडली गेली. मे १९६७ मध्ये बाजारात आलेल्या 'कॉस्मो स्पोर्ट' या गाडीत ती होती. त्याच वर्षी आलेल्या एनएसयूच्या 'रो ८०' या गाडीला सीलच्या तक्रारींनी ग्रासले, आणि १९६९ मध्ये ती कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

पट्टी कोरडी घासली तर फार काळ जगणार नाही, म्हणून इंजिनातील ऑइल मीटरिंग पंप थोडे थोडे इंजिन ऑइल मुद्दाम जळण्याच्या कप्प्यांत सोडतो. ते ऑइल पट्टीला वंगण देते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. तेव्हा रोटरी इंजिन ऑइल खाते ही तक्रार नसून रचना आहे, आणि ऑइल अजिबात कमी होत नसेल तर खरी काळजी करावी. पंप किंवा त्याच्या बारीक नळ्या तुंबल्या तर मालकाला काहीच कळत नाही. कळते ते पट्ट्या झिजल्यावर. २००९ च्या सुधारित आरएक्स-८ मध्ये कंपनीने पंप विजेवर चालणारा केला आणि प्रत्येक रोटरसाठी ऑइलचे नोझल दोनाचे तीन केले, यावरूनच कमतरता कोठे होती ते समजते. दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला डिपस्टिक पाहणे ही या गाडीची सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. 'इंजिनात ओता आणि गेलेला दाब परत मिळवा' अशी जाहिरात करणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. झिजलेला क्रोम आणि तुटलेली धातूची पट्टी कोणत्याही द्रवाने भरून येत नाही.

थंडीत गाडी 'फ्लड' होण्याचे गूढही येथेच सुटते. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण २५० फेऱ्या देतो. या वेगाला पट्टीला बाहेर फेकणारा जोर २४०० पटींवरून तिच्या वजनाच्या दुपटीवर येतो, आणि वायूचा दाबही अजून उभा राहिलेला नसतो. कप्पा बंद ठेवतात ती फक्त स्प्रिंग आणि ऑइलचा पातळ थर. कोणी थंड गाडी सुरू करून चार हात मागे घेतली आणि लगेच बंद केली, की न जळलेले पेट्रोल आत राहते, ऑइलचा थर धुऊन जातो आणि प्लग ओले होतात. पुढच्या वेळी दाब तयारच होत नाही. आरएक्स-८ मध्ये अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला तर पेट्रोलचा पुरवठा थांबतो आणि आतले पेट्रोल बाहेर पडते. तेवढ्याने भागले नाही तर प्लग काढून सुकवावे लागतात आणि कप्प्यांत चमचाभर ऑइल सोडावे लागते. मरतुकडी बॅटरी आणि मंद झालेला स्टार्टर हे दोन घटक ही वेळ वारंवार आणतात. थंड इंजिन सुरू केले तर ते गरम होईपर्यंत बंद करू नये.

पट्टी झिजण्याआधी तुटते तेव्हा कारण बहुधा नॉकिंग असते. मिश्रण ठिणगीची वाट न पाहता स्वतःहून पेटले की दाबाचा तडाखा दोन मिलिमीटरच्या ठिसूळ धातूवर बसतो आणि तिचा कोपरा उडतो. तो तुकडा क्रोमवर चरे पाडत बाहेर जातो आणि १९९१ नंतरच्या टर्बो आरएक्स-७ मध्ये जाताजाता टर्बोच्या पात्यांवरही आदळतो. या गाडीला मोकळा सायलेन्सर लावून बाकी काही न बदलण्याची हौस येथे महागात पडते, कारण टर्बोचा दाब मर्यादेबाहेर चढतो आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. आरएक्स-८ मध्ये टर्बो नाही, पण तेथे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे इग्निशन कॉइल अशक्त होतात. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, कन्व्हर्टर वितळून तुंबतो आणि कोंडलेली उष्णता इंजिनात साठते. कॉइल, वायरी आणि प्लग वेळेवर बदलणे म्हणूनच इंजिन वाचवणे आहे. उष्णतेचे आणखी एक दुखणे असे, की रोटरीत जळण नेहमी एकाच बाजूला होते, त्यामुळे एक बाजू तापलेली आणि दुसरी थंड राहते. ॲल्युमिनियम आणि बिडाचे भाग वेगवेगळे प्रसरण पावतात आणि गाडी एकदा जरी जास्त तापली तरी मधली रबरी कूलंट सील हार मानू शकते. कूलंट वारंवार कमी होणे, टाकीत बुडबुडे येणे, सकाळी पांढरा धूर निघणे ही तिची लक्षणे. जुन्या आरएक्स-७ मधील कूलंटची प्लॅस्टिकची छोटी टाकी तडकते, तेव्हा ती आधीच धातूची बसवून घ्यावी.

१९९१ मध्ये चार रोटरच्या माझदा ७८७बी ने फ्रान्समधील ल मॉन्सची २४ तासांची शर्यत ३६२ फेऱ्या मारून जिंकली. तिच्यातील पट्ट्या सिरॅमिकच्या होत्या, आणि शर्यतीनंतर उघडलेले इंजिन उत्तम स्थितीत आढळले. 'ती जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली' ही लाडकी कथा मात्र खरी नाही. साडेतीन लिटरच्या दट्ट्यांच्या इंजिनांचा नियम त्या विजयाआधीच ठरलेला होता.

भारतात कंपनीने आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ विकली नाही, पण इंग्लंड-अमेरिकेतील मराठी मंडळींना जुनी आरएक्स-८ स्वस्तात दिसते आणि मोह होतो. घेण्याआधी दाबाची चाचणी करून घ्यावी, आणि ती साध्या गेजने करू नये, कारण ते तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्या कप्प्याचाच आकडा दाखवते. रोटरीसाठीचा वेगळा टेस्टर तिन्ही आकडे सुटे देतो. आरएक्स-८ साठी मिनिटाला २५० फेऱ्यांना किमान ६८० किलोपास्कल हवेत, आणि एका रोटरच्या तीन कप्प्यांत १५० पेक्षा जास्त फरक नको. अनुभवी मेकॅनिक टेस्टर लावण्याआधी प्लग काढून नुसता स्टार्टर मारतो आणि कान देतो. इंजिन निरोगी असेल तर प्लगच्या भोकातून एकसारखे तीन फुसकारे पुन्हा पुन्हा ऐकू येतात. एक पट्टी तुटलेली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे कप्पे एकमेकांत गळतात, आणि एक जोरदार फुसकारा व त्यामागून दोन दुबळे असा लंगडा ताल ऐकू येतो. मग लांब बोल्ट सोडवून इंजिन थरांथरांनी उघडतात, भिंतीच्या क्रोमवर नख फिरवून चरे पाहतात, नव्या पट्ट्या पेट्रोलियम जेलीच्या पातळ थराने खाचेत चिकटवतात, म्हणजे रोटर आत सरकवताना त्या गळून पडत नाहीत. पहिल्यांदा सुरू केल्यावर ती जेली जळून पांढरा धूर निघतो, आणि तो विरेपर्यंत कोणी इंजिन बंद करत नाही.