बोअरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही?

दापोलीहून आमचं बिऱ्हाड पुण्याच्या पूर्वेला एका नव्या सोसायटीत हललं, त्या पहिल्याच आठवड्यात आईने तूरडाळीचे तीन पुडे बदलून पाहिले. चार शिट्ट्यांत मेण होणारी डाळ इथे सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा सोडायला तयार नव्हती. घोटून घोटून हात दुखायचे, आणि आमटी वाढली की डाळ खाली, पाणी वर. आधी वाण्यावर संशय घेतला, मग कुकरच्या रिंगवर. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, डाळ बदलून काय होणार? हे बोअरचं पाणी आहे. नळाला कॉर्पोरेशनचं येतं ना सकाळी, त्यात डाळ लावा."

लावली, आणि शिजली.

आईने मला विचारलं, "पाण्यात असं काय असतं रे?" मी विज्ञान शिकलेला मुलगा, पटकन म्हणालो, "क्षार." पण ते उत्तर माझं मलाच पटेना. खाण्याचा सोडा हाही क्षारच, आणि चिमूटभर सोड्याने डाळ लवकर शिजते हे तिला माझ्या आधीपासून माहीत होतं. एका क्षाराने डाळ शिजते आणि दुसऱ्याने अडते, तर नुसतं "क्षार" म्हणून भागत नाही. त्या प्रश्नामागे लागलो तेव्हा जे हाती आलं, ते मला अजूनही थक्क करतं.

आधी शिजणं म्हणजे काय ते पाहू. डाळीचा दाणा हा असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, आत स्टार्चचे कण आणि त्यांच्याभोवती प्रथिनं. स्टार्च पाणी पिऊन फुगतं ते साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला. म्हणजे पाणी उकळायच्या कितीतरी आधी हे काम उरकलेलं असतं. तरीही डाळ कच्ची लागते, कारण दुसरं काम बाकी असतं: पेशी एकमेकींपासून सुटण्याचं. भिंतीतल्या विटा चुन्याने धराव्यात तशा या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. तो सांधा सुटला की दाणा जिभेवर विरघळतो. मऊ शिजलेल्या डाळीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बहुतेक पेशी फुटलेल्या दिसत नाहीत. अख्ख्याच्या अख्ख्या, आतल्या स्टार्चसकट, फक्त सुट्या झालेल्या दिसतात. आपण ज्याला "डाळ मेण झाली" म्हणतो ती या सुट्या पेशींची दाटी.

हा सांधा कशाचा? पेक्टिनचा. पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते तेच हे पेक्टिन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ साली ते वेगळं ओळखलं आणि गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. पेक्टिन म्हणजे एक लांबलचक साखळी, गॅलेक्ट्युरॉनिक आम्लाच्या कड्यांची. काही कड्यांवर मिथाइल गटाचं टोपण असतं, काही उघड्या असतात. उघड्या कडीवर ऋण भार असतो, आणि आपली सगळी गोष्ट या ऋण भारावर फिरते.

शाळेत आपण संयुजा शिकलो. सोडियमची एक, कॅल्शियमची दोन. सोडियमला एक हात, कॅल्शियमला दोन, असं समजा. पेक्टिनच्या उघड्या कडीपाशी सोडियम आला तर तो एक हात धरून उभा राहतो, बाकी काही घडत नाही. कॅल्शियम आला तर तो एका हाताने एक साखळी धरतो आणि दुसऱ्या हाताने शेजारची. दोन साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्या. असे कॅल्शियम ओळीने बसत गेले की दोन नागमोडी साखळ्यांमधल्या खळग्यांत ते अंड्यांच्या ट्रेमधल्या अंड्यांसारखे दिसतात. १९७३ साली ग्रँट, मॉरिस, रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना मांडली तेव्हा तिला नावच "अंड्यांची पेटी" असं दिलं. एखाद-दुसरा कॅल्शियम आयन सहज सुटून जाईल, पण ओळीने बसलेली फौज सुटत नाही, कारण एक सुटला तरी बाजूचे साखळ्यांना जागेवर धरून ठेवतात आणि तो परत येऊन बसतो.

आग्र्याचा पेठा हे याचं सगळ्यात गोड उदाहरण. कोहळ्याच्या फोडी पाकात उकळल्या तर त्यांचा लगदा व्हायला हवा. तो होत नाही, कारण फोडी आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून ठेवतात. चुना म्हणजे कॅल्शियम. तो पेक्टिनमध्ये शिरून सांधे पक्के करतो आणि फोड पाकातही करकरीत राहते. आमच्या बोअरचं पाणी आईच्या तूरडाळीचा पेठा करत होतं.

आता सोड्याकडे वळू. पेक्टिनची साखळी उकळत्या पाण्यात मुळात तुटते कशी? तुटण्याची मुख्य वाट अशी: टोपण असलेल्या कडीवरून एक हायड्रोजन निघतो, त्या हिसक्याने दोन कड्यांमधला ऑक्सिजनचा दुवा सुटतो आणि साखळीचे दोन तुकडे होतात. रसायनशास्त्रात याला बीटा-विलोपन म्हणतात. हायड्रोजन काढून घ्यायला पाण्यात हायड्रॉक्साइड आयन लागतात, म्हणजे पाणी जरा अल्कधर्मी झालं की हे काम झपाट्याने होतं, आणि आम्लधर्मी झालं की रेंगाळतं. साधारण ३ ते ४ सामूच्या, म्हणजे पीएचच्या, आसपास पेक्टिन सगळ्यात टिकाऊ असतं. हे नीट समजलं की स्वयंपाकघरातले दोन जुने नियम आपोआप उलगडतात. सोडा घातला की डाळ पटकन का शिजते, आणि चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच का घालायचे. सोड्याचा आणखी एक उपयोग होतो. त्यातला सोडियम पेक्टिनवरच्या कॅल्शियमला हुसकावतो, आणि तापल्यावर तयार होणारा कार्बोनेट त्या कॅल्शियमला खडूच्या रूपात पाण्याबाहेर काढतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हेच: क्षार कोणता, एका हाताचा की दोन हातांचा? मात्र सोड्याने थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, नष्ट होतं आणि चवही साबणासारखी लागते, म्हणून मी रोज सोडा घालायच्या विरुद्ध आहे.

पुरणाचा नियमही याच घराण्यातला. हरभराडाळ आधी पूर्ण शिजवायची, कट काढायचा, मगच गूळ घालायचा. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात कॅल्शियम असतं, शिवाय गुऱ्हाळात रस साफ करताना चुन्याची निवळी घालण्याची पद्धत आहे. गूळ आधी पडला तर डाळ अडलीच म्हणून समजा. आपल्या आज्यांना गॅलेक्ट्युरॉनिक आम्ल ठाऊक नव्हतं, पण कशानंतर काय घालायचं हे त्यांनी बिनचूक शोधून ठेवलं होतं. मिठाबाबत मात्र त्यांचा अंदाज चुकला असं मला वाटतं. मिठाने डाळ कडक होते असं म्हणतात. मिठात सोडियम आहे, आणि कडधान्य मिठाच्या पाण्यात भिजवलं तर ते उलट लवकर शिजतं.

हे कॅल्शियम बोअरच्या पाण्यात येतं कुठून? आपल्या पायाखालून. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाच्या थरांवर, म्हणजे काळ्या बेसॉल्टवर वसला आहे. या खडकातल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन खनिजांत कॅल्शियम भरपूर असतं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं आणि वर्षानुवर्षं खडकातला कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवत खाली जातं. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरे गोळे म्हणजे हाच कॅल्शियम परत बसलेला. बोअर जितकी खोल, तितकं तिथलं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असण्याची शक्यता.

मग दापोलीला डाळ कशी शिजायची? तिथे जांभा आहे. जांभाही मुळात बेसॉल्टच होता. पण कोकणच्या पावसाने त्यातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम लाखो वर्षांत धुऊन नेलं आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली. अशा दगडातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्याला विरघळवायला कॅल्शियम उरलेलंच नाही. एक खडक, त्यावर दोन प्रकारचं हवामान, म्हणून दोन प्रकारची आमटी!

खारं पाणी आणि हे पाणी यात गल्लत करू नये. अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या पूर्णेच्या खोऱ्याला खारपाणपट्टा म्हणतात. तिथल्या खारेपणात सोडियमचा वाटा मोठा आहे. आपल्याला त्रास देणाऱ्या पाण्याला पाठ्यपुस्तकात "दुष्फेन" असा शब्द होता, ज्यात साबणाला फेस येत नाही ते. सुरेख शब्द, आणि अगदी नेमका, कारण साबणाचा रेणूही कॅल्शियमच्या दोन हातांत असाच अडकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं म्हटलं आहे. या मर्यादेतलं पाणी पिऊन अपाय होतो असं समजू नका. अडते ती डाळ.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. पाइपला चुंबक बांधलं की पाणी "मऊ" होतं असं सांगून महागडी यंत्रं गळ्यात मारणारे दारोदार फिरतात. चुंबकाजवळून गेल्याने पाण्यातला कॅल्शियम कुठेही जात नाही, जेवढा होता तेवढाच राहतो. आणि लग्न होऊन कोकणातून देशावर आलेल्या मुलीची डाळ शिजली नाही म्हणून "हाताला गुण नाही" असं म्हणणाऱ्यांनी आधी घरातली किटली उपडी करून तळाचा पांढरा पापुद्रा पाहावा. दोष तिथे आहे.

तो पापुद्रा म्हणजे एक सोपा उपायही आहे. बोअरच्या पाण्यातला बराचसा कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात असतो. पाणी उकळलं की त्याचा कार्बोनेट होऊन तळाशी बसतो. म्हणून पाणी आधी खळखळून उकळा, निवू द्या, वरचं ओतून घ्या आणि त्यात डाळ भिजवा. भिजवण्याचं पाणी चांगलं हवं यावर माझा भर आहे, कारण कॅल्शियम भिजतानाच डाळीत शिरू लागतो, आणि एकदा साखळ्या बांधल्या गेल्या की नंतर कुकर कितीही शिट्ट्या देवो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे पेक्टिन जोरात तुटतं हे खरं, पण गाठी पक्क्या असतील तर तिथेही वेळ लागतो. आरओचं पाणीही चालतं, त्यातला कॅल्शियम बहुतेक निघून गेलेला असतो.

वाण्यावरचा आईचा संशय तसा अगदीच निराधार नव्हता. जुनी डाळ खरोखर शिजत नाही, आणि कारण पुन्हा तेच. दाण्यात फायटेट नावाचा रेणू असतो, सहा फॉस्फेट गट बाळगणारा. तो कॅल्शियमला स्वतःकडे धरून ठेवतो, पेक्टिनपर्यंत जाऊ देत नाही. डाळ उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिली की दाण्यातलंच एक विकर या फायटेटचे तुकडे करतं. सुटा झालेला कॅल्शियम सांध्यांत जाऊन बसतो. बाहेरून एक थेंबही कठीण पाणी न लागता डाळ आतल्या आत अडते. वाटाणे नीट का शिजत नाहीत हे तपासताना फायटेटचा हा धागा स्वीडनमध्ये मॅटसन यांनी १९४६ साली मांडला. पुढे फिनॉलिक पदार्थांचाही त्यात हात असल्याचं दिसलं, पण फायटेटची ही भूमिका आजही मानली जाते.

गणंगाची गोष्ट मात्र वेगळी. मटकी किंवा कुळीथ रात्रभर भिजवले तरी मूठभरात दोन-चार दाणे खड्यासारखे राहतात, दाताखाली आले की कळ जाते. तिथे पेक्टिनपर्यंत पाणी पोचतच नाही. दाण्याच्या सालीतला उभ्या पेशींचा एक थर इतका घट्ट असतो की पाणी आत शिरत नाही. डाळ सोललेली असते म्हणून डाळीत गणंग नसतो, तो सालीसकटच्या कडधान्यातच. रानटी कडधान्यांत जवळजवळ प्रत्येक दाणा असा असतो. पहिल्या पावसाला सगळे उगवले आणि मग पावसाने ओढ दिली तर वंशच बुडायचा, म्हणून काही दाणे मातीत साल झिजेपर्यंत वर्षानुवर्षं थांबून राहतात. शेतकऱ्यांनी हजारो वर्षं लवकर भिजणारे, एकदम उगवणारे दाणे निवडून पेरले आणि हा गुण मागे पडत गेला. आता मोड काढताना न भिजलेला दाणा हाताला लागला की आई तो तुळशीच्या कुंडीत टाकते. मागच्या जूनमध्ये तिथे कुळथाचा एक वेल आला होता.