‘हवेचा रोध नगण्य माना’

अकरावीत प्रक्षेप्य गतीचं, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचं, गणित घेतलं की पहिली पायरी ठरलेली. वेगाचे दोन घटक करायचे: आडवा आणि उभा. आडवा वेग बदलत नाही, उभा गुरुत्वाकर्षणामुळे बदलतो. शिक्षक ही पायरी दोन मिनिटांत उरकतात. प्रत्यक्षात ती सापडायला जवळजवळ दोन हजार वर्षं गेली.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते फेकलेल्या दगडाची ‘जबरदस्तीची’ गती आणि पडण्याची ‘नैसर्गिक’ गती या वेगळ्या जातीच्या होत्या. सोळाव्या शतकातही तोफगोळ्याचा मार्ग आधी तिरपा सरळ, मग वर्तुळाचा तुकडा आणि शेवटी सरळ खाली, असाच काढत. इटालियन गणिती तार्ताल्याच्या १५३७ च्या पुस्तकात तो तसाच आहे. पण १५३१ मध्ये व्हेरोनातल्या एका गोलंदाजाने (क्रिकेटमधला नव्हे, तोफेवरचा) सर्वांत लांब पल्ल्याचा कोन विचारला, तेव्हा तार्ताल्याने ४५ अंश सांगितला. आकृती चूक, उत्तर बरोबर!

कोंडी फोडली गॅलिलिओने. पादुआत असताना, १६०८ च्या सुमारास, त्याने उतारावरून चेंडू सोडला आणि टेबलाच्या कडेवरून तो आडवा उडू दिला. टेबलाची उंची ८२८ पुंती. पुंतो म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. उतारावर ३०० पुंतींवरून सोडलेला चेंडू ८०० पुंती लांब पडला. उतारावरची उंची दुप्पट केली की वेग वर्गमूळ दोन पट होतो. टेबलावरून पडायला लागणारा वेळ मात्र तेवढाच. म्हणजे अंतर ११३१ यायला हवं. मोजलं तर ११७२ भरलं. हा ४१ चा फरकही त्याने त्याच कागदावर टिपून ठेवला. मला तो कागद त्याच्या नंतरच्या पुस्तकाहून मोलाचा वाटतो.

ते पुस्तक १६३८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला निघालं. त्यात अन्वस्ताची, म्हणजे पॅराबोलाची, सिद्धता आणि पल्ल्यांची कोष्टकं आहेत. हवेमुळे वेगवान गोळ्यांचा मार्ग बिघडेल, हेही त्याने तिथेच कबूल केलं. किती बिघडतो, हे इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये लंबकावर गोळ्या झाडून दाखवलं: वेगवान गोळीवर हवेचा रोध तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

म्हणून गणिताखाली ‘हवेचा रोध नगण्य माना’ हे वाक्य येतं. रोध साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि वेग दोन्ही घटकांचा मिळून होतो. त्यामुळे हवा धरली की आडवं-उभं वेगळं ठेवताच येत नाही.