चटणी विकायचीय? नोंदणी कशी करायची, पाकिटावर काय छापायचं

घरच्यापुरती कांदा-लसूण चटणी कांडली तर कुठल्या कागदाची गरज नाही. तीच भरून विकायला काढली, मग ती कोल्हापुरातल्या दुकानात ठेवा नाहीतर व्हॉट्सॲपवरून पुण्याला पाठवा, की तुम्ही अन्न व्यावसायिक. मिरचीपूड, मसाले सुटे विकायलाही कायद्यात परवानगी नाही, पाकीटबंदच हवेत. म्हणजे लेबल आलंच.

पूर्वी 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. फळप्रक्रिया, मांस, दूध यांचे आदेश निराळे. हे सगळं 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात एकत्र आलं आणि 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झालं. लहान धंद्याला त्यातून साधी नोंदणी मिळाली, हे बरंच झालं.

2011 च्या नियमांनुसार वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणी पुरते, त्यावर परवाना. नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये. मर्यादा आणि फी बदलत असते, तेव्हा अर्जाच्या दिवशी फॉसकॉस पोर्टलवर (अन्न नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) बघूनच भरा. शिक्षणाची किंवा गाळ्याची अट नाही. घरचा पत्ता चालतो. डंकवाल्याची (डंकावर चटणी कांडून देणाऱ्याची) नोंदणी त्याची, ती तुम्हाला लागू होत नाही.

अर्जही त्याच पोर्टलवर, नमुना ‘अ’. फोटो आणि आधारसारखा ओळखीचा पुरावा लागतो. धंद्याचा पत्ता वेगळा असेल तर त्याचाही पुरावा जोडा. अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे जातो. 7 दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणी लावायची, असं बंधन अधिकाऱ्यावर आहे. परवान्याला मात्र जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल असं बरंच लागतं.

माझ्या मते अर्ज सोपा, खरी गोची लेबलवर. नुसतं मराठी लेबल चालत नाही. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. मराठी जोडीला खुशाल छापा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. मिरची सगळ्यात जास्त असेल तर ती पहिली, मग कांदा, खोबरं, लसूण, तीळ जसं पडेल तसं. बांधणीच्या (पीठ मिसळलेल्या) हिंगात बहुतेकदा मैदा असतो, तसा हिंग घातला असेल तर गव्हाची ॲलर्जी-सूचना टाका. हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. हिरवा शाकाहारी ठिपका, बॅच नंबर, नाव-पत्ता, बनवल्याची तारीख आणि ‘या तारखेपर्यंत वापरा’ हेही हवं. ‘सहा महिने टिकते’ एवढ्यावर भागत नाही. निव्वळ वजन आणि सर्व करांसह किंमत ही वजनमापाच्या कायद्याचीही मागणी आहे.

लेबल चुकलं तर माल ‘मिथ्याछाप’ ठरतो आणि दंड 3 लाखांपर्यंत जाऊ शकतो, चटणी कितीही अस्सल असो. नोंदणीचा 14 अंकी क्रमांकही पाकिटावर लागतो, म्हणून तो हातात पडल्यावरच लेबलं छापायला टाका.