चार्ल्स (युरोपातल्या राजांचं नाव)

चार्ल्स हे युरोपातल्या राजघराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठेवलं गेलेलं नाव. जर्मन आणि स्वीडिशमध्ये कार्ल, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये कार्लोस, इटालियनमध्ये कार्लो, रोमानियात कारोल, पण नाव एकच. त्यामुळे नुसतं "दुसरा चार्ल्स" वाचून पुढे जाऊ नये, आधी कुठल्या देशाचा ते बघावं, नाहीतर इतिहास वाचताना हमखास घोळ होतो.

नाव गाजलं ते शार्लमेनमुळे, म्हणजे 'थोर चार्ल्स'मुळे. हा 768 साली फ्रँकांचा (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातल्या लोकांचा) राजा झाला आणि 800 च्या नाताळात रोममध्ये पोपनं त्याला सम्राट म्हणून मुकुट घातला. त्याचा दबदबा इतका की पोलिश 'क्रुल', चेक 'क्राल' हे 'राजा' या अर्थाचे शब्दच त्याच्या नावावरून आले असं मानतात.

आकड्यांची गंमत तर वेगळीच आहे. 1500 साली गेंटमध्ये जन्मलेला कार्ल 1516 पासून स्पेनचा पहिला कार्लोस आणि 1519 पासून पवित्र रोमन साम्राज्याचा पाचवा चार्ल्स, माणूस तोच, देश बदलला की आकडा बदलतो. स्वीडनमध्ये तर त्याहून भारी, तिथल्या नवव्या कार्लनं आपला आकडा योहानेस माग्नुसनं लिहिलेल्या इतिहासावरून घेतला आणि त्यातले पहिले सहा कार्ल प्रत्यक्षात झालेच नव्हते, खरा पहिला म्हणजे बाराव्या शतकातला सातवा कार्ल, आणि ही मोजणी अजून तशीच चालू आहे, 1973 पासून गादीवर असलेला राजा सोळावा कार्ल गुस्ताफ.

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा 30 जानेवारी 1649 ला लंडनमध्ये शिरच्छेद झाला. थंडी कडाक्याची होती, आपण थरथरलो तर लोकांना वाटेल घाबरला, म्हणून त्यानं अंगात दोन शर्ट घातले होते. त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स 1660 ला परत गादीवर आला, आणि मुंबईकरांनी लक्षात ठेवायचा चार्ल्स तो हाच. पोर्तुगालच्या कॅथरीन ऑफ ब्रगांझाशी लग्न ठरलं तेव्हा 1661 च्या करारात मुंबई त्याला आंदण मिळाली, आणि 1668 ला त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्यानं देऊन टाकली! त्याच काळात स्पेनमध्येही दुसरा कार्लोसच राज्य करत होता (1665 ते 1700), लहानपणापासून आजारी, मूलबाळ नाही, आणि तो गेल्यावर गादीसाठी अख्खं युरोप लढलं.

त्या लढाईत ऑस्ट्रियाचा राजपुत्र कार्ल स्वतःला स्पेनचा तिसरा कार्लोस म्हणवत होता, गादी काही मिळाली नाही, पण 1711 ला तो सहावा चार्ल्स म्हणून सम्राट झाला. स्पेनला खरा तिसरा कार्लोस मिळाला तो 1759 ला.

पोर्तुगालला कार्लोस एकच झाला, गोवा तेव्हा त्याच्याच राज्यात होता, 1908 मध्ये लिस्बनच्या चौकात त्याला आणि थोरल्या मुलाला गोळ्या घालून मारलं.

ब्रिटनमध्ये 8 सप्टेंबर 2022 ला तिसरा चार्ल्स राजा झाला. पण स्टुअर्ट घराण्याच्या (पहिल्या-दुसऱ्या चार्ल्सचं घराणं, ज्याची गादी पुढे गेली) पाठीराख्यांनी हा आकडा आधीच एकाला दिलेला होता, राजपुत्र चार्ल्स एडवर्डला, जो 1746 ला कलोडनच्या लढाईत हरला आणि 1788 ला मुकुटाशिवायच रोममध्ये वारला, आणि योगायोग बघा, स्पेनचा तिसरा कार्लोस गेला तोही त्याच वर्षी.