झोताचा वारा आणि 15 नॉटांचा आकडा

उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, धावपट्टीची टोके 07 आणि 25 अशी आहेत; हे आकडे दिशेचे, म्हणजे सुमारे 70 आणि 250 अंश. 25 वर उतरणाऱ्या विमानाचे नाक पश्चिम-नैऋत्येकडे असते, त्यामुळे पावसाळी वारा बहुधा समोरूनच मिळतो. वळिवाच्या दिवसांत मात्र वारा कुठूनही झोत टाकतो आणि लहान विमानाचा वैमानिक पुस्तिकेतील आडव्या वाऱ्याच्या आकड्याकडे वळतो.

जुन्या गवताळ मैदानांवर वाऱ्याला तोंड देऊन कुठेही उतरता येत असे. पक्क्या धावपट्ट्यांनी ती मोकळीक काढून घेतली. शेपटीखाली चाक असलेली विमाने आडव्या वाऱ्यात जमिनीवर गर्रकन फिरत. नाकाखाली चाक असलेल्या, 1956 मध्ये आलेल्या सेस्ना 172 सारख्या विमानांमुळे ती भीती कमी झाली आणि थोडी बेफिकिरीही आली.

या विमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांच्या पुस्तिकेत ‘डेमॉन्स्ट्रेटेड क्रॉसविंड’, म्हणजे करून दाखवलेला आडवा वारा, 15 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) असा दिलेला असतो. अनेक जण तो ‘कमाल मर्यादा’ असा वाचतात, आणि घोळ तिथेच आहे. अमेरिकी प्रमाणीकरण नियमांची अट एवढीच होती की, उतरण्याच्या स्थितीतील स्टॉल वेगाच्या (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत त्या वेगाच्या) किमान 0.2 पट आडव्या वाऱ्यात विमान आवरता आले पाहिजे. 172 साठी तो हिशेब 10 नॉटांच्या आसपास येतो. 15 हा चाचणीत प्रत्यक्ष करून दाखवलेला आकडा आहे. त्यापुढे विमान आवरणार नाही असा त्याचा अर्थ नाही, आणि तिथपर्यंत नवख्याला झेपेल असाही नाही. प्रशिक्षणात त्यालाच मर्यादा मानणे विद्यार्थ्यांपुरते शहाणपणाचे आहे, पण तो स्थिर वाऱ्याशी ताडायचा की झोताशी, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. झोताशीच ताडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मनोऱ्याने 280 अंशांवरून 20 नॉट, झोत 30 असा वारा सांगितला, तर 25 वर उतरताना कोन 30 अंशांचा होतो आणि आडवा भाग 10 नॉट भरतो. झोतात तोच 15 होतो. अशा वेळी झोतातील फरकाच्या निम्मे, म्हणजे 5 नॉट, अंतिम टप्प्यातील 65 नॉटांच्या वेगात मिळवण्याचा प्रघात आहे, म्हणजे झोत अचानक ओसरला तरी वेग स्टॉलकडे घसरत नाही. मात्र या 5 नॉटांनी विमानाची ऊर्जा सुमारे 16 टक्के वाढते, ते धावपट्टीवर तरंगत राहते आणि तेवढ्यात पुढचा झोत येऊ शकतो. काही शिक्षक अशा वाऱ्यात पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उतरवायच्या झडपा) देत नाहीत. चाके टेकल्यावरही एलेरॉन (विमान कलते करणाऱ्या, पंखांच्या टोकांकडील झडपा) वाऱ्याच्या बाजूला दाबून धरावे लागते, कारण मंदावलेल्या विमानाचा पंख झोत सहज उचलतो.