फिल्टर होता, तरी खोली स्वच्छ का होईना? ‘लॅमिनार’ हवेची पार्श्वभूमी

हवा स्वच्छ करायची म्हटलं की सगळं लक्ष फिल्टरकडे जातं. पण या विषयाच्या इतिहासात दहा-बारा वर्षांचा असा एक काळ आहे, की जवळपास अचूक म्हणावा असा फिल्टर हाताशी होता, त्यातून गाळलेली हवा खोलीत सोडलीही जात होती, आणि तरी टेबलावर धूळ पडतच होती. आज लशी, इंजेक्शनं आणि चिप ज्या खोल्यांत तयार होतात, त्या खोल्या या कोड्यातून जन्मल्या. म्हणून हे टिपण मुख्यतः त्याच काळाभोवती फिरतं.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. खाणींतली कोंदट हवा बाहेर काढायला भाते आणि हाताने फिरवायचे पंखे सोळाव्या शतकातही वापरात होते. अठराव्या शतकात जहाजांच्या पोटात ताजी हवा ढकलणारी यंत्रं आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांमधली धूळ भोवऱ्यात फिरवून वेगळी करणारे सायक्लोन आले, आणि विसाव्याच्या पहिल्या दशकात धुराड्यातले कण विजेच्या भाराने ओढून घेणारी यंत्रं. या सगळ्यांचा उद्देश एकच होता: घाण हवा बाहेर टाकायची, नाहीतर तिच्यातलं जाडंभरडं काढून घ्यायचं. बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती नाहीच, असा समज होता. त्याला पहिला जोरदार धक्का १८७० च्या सुमारास लंडनमधल्या एका व्याख्यानात बसला. अंधारात प्रकाशाचा झोत सोडला तर तो हवेत तरंगणाऱ्या कणांमुळे दिसतो; तीच हवा कापसातून गाळली की झोताच्या वाटेत काळोख उरतो. स्वच्छ हवा ‘दाखवण्याची’ ही पद्धत अजूनही जुनी झालेली नाही.

खरा फिल्टर दुसऱ्या महायुद्धाने दिला. गॅस मास्कसाठी बनवलेल्या, अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेल्या कागदापासून सुरुवात झाली आणि अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी त्याला मोठ्या फिल्टरचं रूप मिळालं. नंतर अ‍ॅस्बेस्टॉसची जागा काचतंतूंनी घेतली. हाच आजचा हेपा. ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो, हे वाक्य आता प्रत्येक एअर प्युरिफायरच्या खोक्यावर असतं. इतकंच लक्षात घ्यावं की ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सर्वांत अवघड असतात. त्याहून बारीक कण भरकटत जाऊन तंतूंना चिकटतात, मोठे कण तंतूंवर आदळतात, मधले निसटतात. म्हणून परीक्षा त्या मधल्या आकाराची घेतली जाते.

आता १९५० च्या दशकातली ‘स्वच्छ खोली’ डोळ्यांसमोर आणा. क्षेपणास्त्रांना दिशा दाखवणारे जायरोस्कोप, केसाएवढ्या फटी असलेले बेअरिंग, अण्वस्त्रांचे सुटे भाग तिथे जोडले जात. एक कण आत गेला की अख्खा भाग निकामी. म्हणून भिंती गुळगुळीत, टेबलं स्टीलची, कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, आणि दिवसभर पुसणं, झाडणं, व्हॅक्यूम करणं चालूच. हवा फिल्टर होऊनच यायची, पण छतातल्या एखाद-दोन जाळ्यांतून, आणि तीही बेताने. हवा जोरात सोडली तर बसलेली धूळ उडेल, ही भीती होती. भीती चुकीची नव्हती. उपाय चुकला होता.

कारण धूळ बाहेरून येतच नव्हती, ती आतल्या माणसांच्या अंगावरून सुटत होती. स्वस्थ बसलेल्या माणसाभोवतीही मिनिटाला सुमारे लाखभर कण हवेत जातात असा ठोकळ अंदाज धरला जातो; हालचाल झाली की आकडा कैक पटींनी वाढतो. आणि हे कण खाली बसतील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो. अगदी निश्चल हवेत एक मायक्रॉनच्या कणाला दोन मीटर खाली यायला जवळजवळ सोळा तास लागतात. खोलीत कधीच निश्चल हवा नसते, त्यामुळे तो घिरट्या घालत राहतो आणि नेमका नको तिथे उतरतो. छतातून येणारी शुद्ध हवा या घोळात मिसळून घाण फक्त पातळ करत होती.

१९६० च्या अखेरीस न्यू मेक्सिकोतल्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने प्रश्नच उलटा केला. हवा शांत ठेवायची नाही, तिलाच झाडू बनवायचं. एखादी जाळी कशाला, एक अख्खी बाजू फिल्टरची करायची, समोर किंवा जमिनीत जाळी ठेवायची, आणि हवेचा सगळा ठोकळा एकसारखा एकाच दिशेने सरकवत न्यायचा. माणसाच्या अंगावरून सुटलेला कण मग घिरट्या घालत नाही, काही सेकंदांत जाळीतून निघून जातो. पहिली प्रायोगिक खोली साधारण दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद होती. तिच्यातली हवा मिनिटाला सुमारे दहा वेळा बदलायची. मोजणीयंत्रावरचे आकडे इतके खाली आले की यंत्रच बिघडलं असावं, असं पाहणाऱ्यांना वाटलं. त्या वेळच्या इतर खोल्यांपेक्षा ही हवा हजार पटींहून स्वच्छ होती. १९६३ मध्ये स्वच्छ खोल्यांसाठी अमेरिकी सरकारी मानक आलं, १९६४ मध्ये या कल्पनेला पेटंट मिळालं. ‘क्लास १००’, म्हणजे घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे जास्तीत जास्त शंभर कण, ही भाषा त्याच मानकाची. ते मानक २००१ मध्ये रद्द झालं तरी लोकांच्या तोंडून ती गेलेली नाही.

तोंडून न गेलेला दुसरा शब्द म्हणजे ‘लॅमिनार’, अशा एका दिशेने सरकणाऱ्या हवेला पडलेलं नाव, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. प्रवाहशास्त्रात या शब्दाला काटेकोर अर्थ आहे. १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून केलेल्या प्रयोगांनी तो पक्का केला: थरावर थर न मिसळता सरकतात तो लॅमिनार प्रवाह. वेग, आकार आणि चिकटपणा यांतून निघणारा एक आकडा नळीत दोन हजारांच्या आसपास असेपर्यंत हे टिकतं. पुढे प्रवाह खळबळू लागतो. आता तीन मीटर उंचीची खोली आणि सेकंदाला ०.४५ मीटर वेग घेऊन हाच हिशेब करा. उत्तर नव्वद हजारांच्या घरात येतं. म्हणजे ज्याला जग साठ वर्षं लॅमिनार म्हणत आलं आहे, ते शास्त्राच्या अर्थाने लॅमिनार नाहीच. ती एका दिशेने, बऱ्यापैकी सारख्या वेगाने जाणारी, आतून बारीक खळबळ असलेली हवा आहे. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने म्हणूनच ‘एकदिश प्रवाह’ हा शब्द घेतला. तरी प्रयोगशाळेत ‘लॅमिनार चालू कर’ असंच म्हणतात. तिथे तो प्रवाहाचा प्रकार राहिलेला नाही, गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायच्या टेबलाचं नाव झालं आहे.

हा शब्दांचा कीस काढणं नाही. लॅमिनार म्हटलं की हवा काचेच्या पट्टीसारखी सरळ खाली येते आणि तिच्याखाली जे आहे ते सुरक्षित आहे, असं चित्र मनात तयार होतं. धुराची चाचणी जवळून पाहिली की ते चित्र मोडतं. फिल्टरखाली पांढरा धूर सोडला की तो खरोखर पडद्यासारखा खाली उतरतो. मग त्यात नुसता हात आडवा धरा. तळहाताच्या खाली धूर वळतो, तिथेच गोल फिरत राहतो, आणि हात काढेपर्यंत जागचा हलत नाही. जी वस्तू वाचवायची ती त्या तळहाताखाली असेल, तर वरचा फिल्टर कितीही चांगला असो, त्याची हवा तिथे पोचलेलीच नसते. सेकंदाला ०.४५ मीटर या वेगाबद्दलही तसंच. सुरुवातीच्या खोल्यांत जो वेग चालून गेला तो नियमावल्यांत उतरला आणि हळूहळू त्याला सिद्धान्ताचं वजन आलं.

शब्दाने सर्वांत मोठा घोळ घातला तो ऑपरेशन थिएटरमध्ये. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका अस्थिशल्यचिकित्सकाने खुब्याचा सांधा बदलताना होणारे जंतुसंसर्ग कमी करायला टेबलाभोवती काचघरासारखा कोश उभारला, वरून गाळलेली हवा सोडली, आणि शल्यचिकित्सकांचा उच्छ्वास व अंगावरची हवा नळ्यांनी ओढून घेणारे पोशाख घातले. संसर्ग सात-नऊ टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आला. १९८२ मध्ये सुमारे आठ हजार शस्त्रक्रियांच्या चाचणीतही अतिस्वच्छ हवेत संसर्ग दीड टक्क्यावरून ०.६ टक्क्यावर आलेला दिसला. पण त्या चाचणीत प्रतिजैविकांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि आक्षेप तिथून सुरू झाले. २००८ मध्ये जर्मनीतल्या आणि २०११ मध्ये न्यूझीलंडमधल्या नोंदींतून लॅमिनार थिएटरचा फायदा दिसला नाही. काही ठिकाणी संसर्ग उलट जास्त दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांधेबदलात संसर्ग टाळण्यासाठी ही व्यवस्था वापरू नये असं सुचवलं. ही शिफारस सशर्त होती आणि पुरावा कमी दर्जाचा असल्याचं तिच्यातच लिहिलेलं होतं.

मला हा निकाल पूर्ण पटत नाही. पैसा वाचवण्याच्या बाजूने तो समजण्यासारखा आहे, कारण अशी थिएटरं महागडी असतात. पण त्या नोंदींत ‘लॅमिनार’ या एकाच रकान्यात काय काय भरलं गेलं? चारी बाजूंनी कोश आणि हवा ओढणारे पोशाख असलेलं मूळ थिएटर वेगळं. छतात पलंगाएवढी चौकट बसवून, तिच्याखाली मोठे दिवे लटकवून, जखमेवर चार डोकी वाकलेली असलेलं थिएटर वेगळं. दुसऱ्यात प्रवाहाची वाट डोक्यांनीच अडवलेली असते. फिल्टर दोन्हीकडे सारखा, नावही सारखं, पण हवेची वाट सारखी नाही. अशी तुलना करून हवेबद्दल निवाडा देणं मला घाईचं वाटतं.

टेबलांच्या बाबतीत असाच फरक सुरुवातीपासून सांभाळावा लागला. आडव्या प्रवाहाचं टेबल हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडतं. रोपांच्या ऊतींसाठी ते उत्तम, रोगजंतूंसाठी धोक्याचं. त्यामुळे जंतूंसाठीच्या कपाटात हवा वरून खाली येते, पुढच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि बाहेर जाणारी हवा पुन्हा फिल्टरमधून जाते. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, आणि दोन्हींना लॅमिनारच म्हणतात.

१९८० च्या दशकानंतर चिप उद्योगाने वेगळी वाट धरली. अख्खी खोली स्वच्छ ठेवण्यापेक्षा ज्यांवर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्या बंद डब्यात ठेवायच्या, डबा थेट यंत्राच्या तोंडाला जोडायचा, आणि माणसाला त्या हवेपासून दूर ठेवायचं. औषधनिर्मितीतले आयसोलेटर, म्हणजे माणसाला बाहेर ठेवणाऱ्या बंद पेट्या, हेच करतात.

२०२० मध्ये साथीच्या काळात चार-पाच साधे फिल्टर चिकटपट्टीने पंख्याला जोडून केलेले खोकेवजा प्युरिफायर घराघरांत, शाळांत पोचले. इथे झाडू नव्हता, जुनी पातळ करण्याचीच युक्ती होती, पण प्रमाण मोठं. तासाला शंभर घनमीटर हवा जवळजवळ पूर्ण गाळणाऱ्या यंत्रापेक्षा पाचशे घनमीटर हवा सत्तर टक्के गाळणारं खोकं खोलीला साडेतीन पट स्वच्छ हवा देतं. वर्गात सगळीकडे माणसं असतात, तिथे वाचवायची अशी एकच जागा नसते, म्हणून तिथे हे योग्य.

जिथे जागा एकच असते, तिथल्या नियमांत मात्र २०२२ पासून नवा शब्द ठळकपणे आला आहे. युरोपच्या निर्जंतुक औषधांसाठीच्या सुधारित नियमावलीत ‘पहिली हवा’ सांभाळायला सांगितलं आहे: फिल्टरमधून निघून मध्ये कशालाही न शिवता उघड्या बाटलीपर्यंत पोचणारी हवा. त्यासाठी धुराचे व्हिडिओ काढावे लागतात. रिकाम्या टेबलावर तर काढायचेच, पण माणूस हात घालून बाटली उचलत असताना, पडलेलं बूच काढत असतानाही. हाताखालून निघालेला धूर उघड्या तोंडावर गेलेला दिसला, तर हात कुठून आत जायचा हे नव्याने ठरवून पुन्हा धूर सोडावा लागतो.